आम्ही कुठे सांगितले होते?



माटुंग्याहून परळला गेले की केईएम रुग्णालयाला लागूनच शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथेच शिकले. १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. त्यांची कहाणी आपल्याला ठाऊक आहे. पण ज्यांच्या जखमा ते शिवत होते, त्यांना जखमी करणाऱ्या सैन्याचा प्रमुख कोण होता, हे आपण सहसा विचारत नाही.

१९४१च्या मध्यापासून उत्तर चीनमधील जपानी सैन्याचा सेनापती होता जनरल यासुजी ओकामुरा. त्याच्या मोहिमांना चिनी लोकांनी ‘तीन सर्व’ असे नाव दिले : सर्वांना मारा, सर्व जाळा, सर्व लुटा. मे १९४२मध्ये हेबेई प्रांतातील बेइतान गावात भुयारांत लपलेल्या लोकांवर विषारी वायू सोडला गेला. शेकडो माणसे मेली. डॉ. कोटणीसही तेव्हा याच प्रांतात रुग्णसेवा करीत होते.

हा सेनापती अजाण नव्हता. नानजिंगमध्ये नागरिकांवर घोर अत्याचार झाल्याचे त्याला १९३८मध्येच कळले होते. पुढे त्याने ते लिहूनही ठेवले. सैनिकांना शिस्तीचे धडेही त्याने दिले. तरी त्याच्या हुकमाखाली गावे जळतच राहिली. जानेवारी १९४९मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारच्या लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. त्या सरकारला त्याचा लष्करी सल्ला उपयोगाचा होता. १९६६मध्ये तो मायदेशी वारला.

न्यायालयाने सोडले म्हणजे माणूस सुटला का? ज्याला ठाऊक होते आणि ज्याच्या हाती थांबवणे होते, त्याने केवळ बजावले, एवढे पुरेसे आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. ज्याचा शब्द चालतो, त्याने आपल्या शब्दाचे पुढे काय होते हेही पाहायला हवे.

आपण कोणी सेनापती नाही. पण आपल्या शब्दावरही माणसे कामे करतात. सोसायटीचे गटार तुंबले की ‘आजच्या आज मोकळे करा’ असे आपण कंत्राटदाराला सांगतो. तो आत माणूस उतरवतो का, तिथे विषारी वायू आहे का, हे पाहायला कोणी खाली जात नाही. बरेवाईट झालेच तर आपले उत्तर तयार असते : ‘आम्ही कुठे त्याला उतरायला सांगितले होते?’

पापनिवेदनाला जाताना केलेल्या चुका आपल्याला आठवतात. न विचारलेले प्रश्न आठवतात का? या आठवड्यात निदान एक विचारू या : आपल्या शब्दावर कोण राबते आणि कसे?