शिक्षकाचा पहिला पाठ

साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. शिपायाने नळ उघडल्यावाचून त्याला पाणी मिळत नसे. शिपाई नसला, तर तहानलेले राहावे लागे. ही आठवण डॉ. आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ते शिक्षक निर्दय होतेच असे नाही. रूढीपुढे त्यांना प्रश्नच पडला नसावा. भावी शिक्षकाला मात्र तो पडावयास हवा. अध्यापक विद्यालयात पाठ-टाचण काढावयास शिकवितात, तसेच स्वतःचे मन तपासावयासही शिकवावे. सामवेदी बोलीत उत्तर देणाऱ्या मुलाला आपण हसतो काय? वारली पाड्यावरून आलेल्या मुलीकडून कमीच अपेक्षा धरतो काय? अन्याय नकळत घडला, तरी मूल दुखावतेच. म्हणून ‘मला कळले नाही’ ही शिक्षकाची सबब होऊ शकत नाही.