राग किती खरा, किती सोयीचा

एका ऑनलाइन गेम-दुकानावर मी सध्या फार चिडलेलो आहे. नाव सांगण्याची गरज नाही. हवा तो गेम तिथे शोधून सापडत नाही. पहिलं पान एकाच साच्यातल्या फुटकळ गेमनी भरलेलं असतं. जुने गेम नव्या विंडोजवर बंद पडतात आणि तक्रार केली की तेच ठरीव उत्तर येतं. दुकानाला उतरती कळा लागली आहे आणि माझी बरीच खरेदी त्यात अडकून पडली आहे. मित्रांपुढे मी दुकानाला यथेच्छ शिव्या घालतो, पण एकटा असलो की मन विचारतं : यातला खरा राग किती आणि सोयीचा किती?

खरा भाग आधी मोजतो. युबिसॉफ्टने २०१४ साली आलेल्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवाचून चालत नव्हता. त्यामुळे पैसे मोजलेल्यांच्या हाती काहीच उरलं नाही. यावर संतापणं रास्तच आहे. कंपन्यांना नीट वागता येत नाही असंही नाही. गुगलने ‘स्टेडिया’ ही आपली गेम-सेवा जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळली, तेव्हा आपल्या दुकानातून घेतलेल्या गेमचे पैसे ग्राहकांना परत केले. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हीटाचं दुकान बंद करण्याचं जाहीर केलं, पण ग्राहकांनी ओरड केल्यावर काही आठवड्यांतच निर्णय फिरवला. म्हणजे राग वाया जातोच असं नाही.

पण माझा सगळा राग या जातीचा नाही. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या आपल्या गेम-यंत्रांचं दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद केलं, त्याची सूचना वर्षभराहून आधी दिली होती. घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोयही त्यानंतर चालू ठेवली. तरी ती बातमी वाचून मी चरफडलोच. माझ्याकडून काय हिरावलं गेलं होतं? पुढे कधीतरी काहीतरी घेईन, ही नुसती शक्यता. न केलेल्या खरेदीचा शोक मी फसवणुकीच्या खात्यात मांडत होतो.

टिकाऊपणाचंही तेच. ‘जीओजी’ हे पोलंडमधलं दुकान २००८ पासून कुलूप नसलेले गेम विकतं. इन्स्टॉलर आपल्या डिस्कवर उतरवून ठेवला की दुकान राहो न राहो, गेम आपल्यापाशी राहतो. हे मला ठाऊक होतं. तरी मी सेलमध्ये जिथे शे-दोनशे रुपये वाचले तिथेच गेलो, आणि घेतलेल्यातले कितीतरी गेम आजवर उघडलेलेही नाहीत. जो गुण मी दुकानाकडे हक्काने मागतो, त्यासाठी चार पैसे जास्त मोजायची माझी तयारी नव्हती.

सर्वांत अवघड प्रश्न चोरीचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एके काळी चोरीच्या सीडी राजरोस मिळत. आता तेवढी पायपीटही लागत नाही. दुकान असं वागणार असेल तर फुकट उतरवलं तर काय बिघडलं, असं मनात येतंच. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. जे कुणी विकतच नाही, ते जपून ठेवणाऱ्याला चोर म्हणताना माझी जीभ अडखळते. पण मला मोह होतो तो त्या दुर्मीळ गेमचा नाही. तो होतो राजरोस विक्रीला असलेल्या, फक्त महाग असलेल्या गेमचा. तिथे दुकानावरचा राग हे निव्वळ निमित्त आहे, आणि त्याची किंमत चुकवतो तो गेम बनवणारा, ज्याच्याशी माझं काहीच भांडण नाही.

मोजून झाल्यावर राग निम्म्याहून कमी उरतो, पण जो उरतो तो ठाम आहे. दुकान बंद करायचं तर तारीख वेळेवर सांगा, घेतलेलं उतरवून ठेवू द्या, ते जमत नसेल तर पैसे परत करा. कॅलिफोर्नियाने २०२४ साली केलेल्या कायद्यानुसार, ग्राहक मालकी घेत नसून फक्त वापराचा परवाना घेत आहे, हे विकतानाच स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडेही हे मागायला हवं. मात्र अशी मागणी करणाऱ्याने आधी स्वतःची यादी उघडून पाहावी. जे उतरवून ठेवता येतं ते आजच उतरवावं, आणि पुढच्या सेलमध्ये जे खेळणार नाही ते घेऊ नये.