वाटेवरचा संसार

संसार आणि प्रवास ही परस्परविरुद्ध आहेत, असा आपल्याकडे फार जुना समज आहे. ज्यास संसार करावयाचा त्याने एके जागी बसावे, आणि ज्यास हिंडावयाचे त्याने भगवी वस्त्रे धारण करावीत, अशी ही वाटणी. भाषेनेही ती उचलून धरिली आहे. 'भटक्या', 'उंडगा' या शिव्याच आहेत. आणि ज्याचे बूड कोठे टेकत नाही त्यास आपण विंचवाच्या पंक्तीस बसवून त्याचे बिऱ्हाड पाठीवर देतो. मौज अशी की, मुलगा नोकरीस लागून त्याचे लग्न झाले म्हणजे तो 'मार्गाला लागला' असेही आपणच म्हणतो. भाषेच्या मनात या विषयी काही घोटाळा आहे खास.

वाटेवर संसार होऊ शकतो काय, आणि झाला तर त्यास संसार म्हणावे काय, हा प्रश्न आज निव्वळ कुतूहलाचा राहिलेला नाही. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी पतिपत्नी मिळून मालाचे ट्रक हाकतात. गाडीच्या पुढच्या खोलीतच त्यांचा बिछाना, तेथेच चहाची किटली, आणि पुष्कळांच्या सोबतीस एखाददुसरा कुत्रा. वर्णन ऐकून मन प्रसन्न होते. परंतु त्यामागील हिशेबही पाहावा. तेथील नियमाप्रमाणे दहा तास विश्रांती घेतल्यावाचून एका चालकास अकरा तासांहून अधिक गाडी हाकता येत नाही. दोघे असली म्हणजे एक निजतो, दुसरा हाकतो, आणि चाक थांबत नाही. दांपत्यप्रेमाची ही किंमत मालाच्या धन्यास पुरेपूर कळलेली असते.

आमच्या नाशिकावरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. पिंपळगाव बसवंतचा कांदा, टोमॅटो, निफाडची द्राक्षे याच रस्त्याने देशभर जातात. ती नेणाऱ्या चालकाची पत्नी मात्र बहुधा शेकडो मैलांवरच्या एखाद्या खेड्यात असते. तिला बरोबर घेण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. कारण गाडीत जागा नाही, वाटेत स्त्रीस उतरण्याजोगे ठिकाण नाही, आणि माल नासावयाच्या आत पोहोचला पाहिजे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले होते. ते रस्त्यावर किती पाळले जातात, हे पहाटे चार वाजता कसाऱ्याच्या घाटात उभे राहिल्यास कोणासही दिसेल. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मालट्रकांत चालकाची खोली वातानुकूलित असावी, असा नवा नियमही झाला आहे. स्तुत्य आहे. चालकाच्या घामाची काळजी सरकारने घेतली. त्याच्या एकटेपणास अद्याप कलम सापडलेले नाही. तो बिचारा आपल्या मुलांची नावे काचेच्या वर रंगवून घेतो. घर बरोबर नेता येत नाही म्हणून घराची अक्षरे नेतो.

यावरून कोणी म्हणेल की, आमच्याकडे जोडप्याने, कुत्र्यांसह, वाटेवर राहण्याची चालच नाही. असे म्हणणाऱ्याने दिवाळीनंतर त्याच रस्त्याच्या कडेची धूळ पाहावी. पावसाळा आपल्या कोरड्या माळावर काढून धनगरांचे वाडे या सुमारास पाण्याच्या मुलखाकडे निघतात. कित्येक घाट उतरून कोकणातही जातात. चार-सहा कुटुंबे एकत्र चालतात, त्यासच ते वाडा म्हणतात. भिंतींवाचून वाडा हा शब्द त्यांनीच सार्थ केला. पुरुष मेंढरांमागे, स्त्रिया घोड्यांबरोबर. घोड्यावर पाल, भांडी, पीठ, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि या सर्वांच्या वर एखादे मूल. झोळीत आदल्या रात्री जन्मलेली कोकरे. मागेपुढे कुत्री. शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात रात्री मेंढ्या बसवावयाच्या, लेंडीमुताचे खत त्यास द्यावयाचे, आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसा घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. सूर्य मावळावयाच्या सुमारास वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण, उभारले जाते, तीन दगडांची चूल पेटते, आणि अर्ध्या तासात तेथे गाव वसते. पहाटे ते नाहीसे होते.

कुत्र्याचे या संसारातील स्थान आम्हांस विशेष विचार करण्याजोगे वाटते. शहरातील कुत्रा हा घराचा अलंकार किंवा घराचा पहारेकरी असतो. धनगराच्या कुत्र्यास राखावयास घरच नाही. तो राखतो तो एक फिरता समुदाय: माळावर लांडग्यापासून आणि उसाच्या मुलखात बिबट्यापासून. सिन्नर-निफाडकडे बिबट्या आधी कुत्र्यावरच झडप घालतो, हे तेथील लहान मुलासही ठाऊक आहे. मांजर जागेस धरून राहते, कुत्रा माणसांस धरून राहतो, असे जुनी माणसे म्हणतात. तसे असेल तर घर म्हणजे काय याविषयी कुत्र्याचे मत धनगराच्या मताशी जुळते, आणि आमचे मांजराच्या मताशी.

आम्हांस यातून जो भेद दिसतो तो स्थिर आणि फिरता असा नाही. कोणाच्या चालीने चालावयाचे, हा तो भेद आहे. ट्रक मालाच्या चालीने चालतो. टोमॅटो किती दिवसांत नासतो यावरून माणसाची झोप ठरते. अमेरिकन दांपत्य एकत्र असूनही एकाच वेळी जागे क्वचितच असेल, कारण त्यांची चालही मालच ठरवितो. धनगराचा वाडा मात्र कोकराच्या चालीने चालतो. ज्यास चालता येत नाही ते घोड्यावर चढते. मेंढी व्याली की तिच्यापाशी कोणीतरी थांबते. घर ही वस्तू मुळात निर्माण झाली ती न चालणाऱ्यांसाठी: तान्ह्यासाठी, बाळंतिणीसाठी, म्हाताऱ्यासाठी. त्यांची सोय चालता चालता होत असेल तर भिंती नाहीत म्हणून त्या संसारास कमी लेखण्याचे कारण नाही. आणि भिंती असून ती होत नसेल तर त्या घराविषयी न बोललेलेच बरे.

महाभारताच्या शेवटी याच प्रश्नाची एक कठोर परीक्षा आहे. पाच पांडव, द्रौपदी आणि मागून येणारा एक कुत्रा अशी ती शेवटची वाटचाल. प्रथम पडते द्रौपदी. भीम कारण विचारतो. युधिष्ठिर तिचा दोष सांगतो आणि मागे न पाहता पुढे जातो. एकेक करून भाऊही पडतात. पुढे इंद्राचा रथ येतो, तेव्हा हाच धर्मराज कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारतो. भावांस व पत्नीस टाकलेस, मग कुत्र्याचा एवढा आग्रह का, असे इंद्राने विचारताच त्याचे उत्तर तयार आहे: ती मेल्यावर मी त्यांस सोडिले, जिवंतपणी नव्हे; मेलेल्यांस उठविणे माझ्या हाती नव्हते. तर्क बिनतोड आहे. तथापि आमचे समाधान होत नाही. पडलेल्या माणसापाशी थांबावयास ते उठेल अशी आशाच लागते काय? वाड्यातील एखाद्या म्हातारीस त्या हिमालयाच्या वाटेवर विचारले असते तर तिने आधी खाली बसून द्रौपदीच्या तोंडास पाणी लाविले असते, आणि दोषाचा पाढा मागाहून वाचला असता. कुत्र्याकरिता स्वर्ग नाकारणे थोर खरेच. परंतु तो कुत्रा पडला नव्हता, चालत होता.

महाराष्ट्राने आपल्या देव्हाऱ्यात बसविलेले चित्र निराळे आहे. खंडोबाचा टाक पाहावा. देव घोड्यावर, त्याच घोड्यावर म्हाळसा, आणि पायाशी कुत्रा. पुष्कळ घरी तो पिढ्यान् पिढ्या पुजला जातो. पण हे वाटेवरचे जोडपे आहे, हे आम्ही स्थिर माणसे लक्षात घेत नाही. म्हाळसेस घरी ठेवून देव बाणाईच्या मेंढरांमागे गेला, ही कथाही याच देवाची. बाणाईचे चंदनपुरी आमच्याच जिल्ह्यात, मालेगावाजवळ गिरणेच्या काठी आहे. म्हणजे पत्नीस घोड्यावर घेणारा देव तोच, आणि मागे ठेवणाराही तोच. ज्या मुलखातील पुरुष मेंढरांमागे नाहीतर मोहिमेवर असत, त्याने दोन्ही अनुभव एकाच देवाच्या पदरी बांधिले असावेत, असे आम्हांस वाटते.

हे लिहिताना धनगरी जीवनाचे गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे. खुर्चीत बसून वाटेचे काव्य रचणे फार सोपे असते. मुलांची शाळा या चालीत तुटते. म्हणून अनेक आईबाप त्यांस गावी आजीपाशी ठेवितात, आणि मग जी ताटातूट ट्रकचालकाच्या नशिबी आली तीच निराळ्या दाराने वाड्यात शिरते. स्त्रीचे श्रमही हलके नव्हेत. परक्या गावात पाणी शोधणे, पाल उभारणे, भाकरी भाजणे आणि कोकरांस पाजणे ही सर्व तिचीच; मेंढरांच्या सौद्यात मात्र तिचा शब्द किती चालतो, हे विचारले पाहिजे. एकत्र असणे आणि भार सारखा असणे या दोन गोष्टी नव्हेत काय? तरी एवढे खरे की, दिवसाच्या शेवटी ती दोघे एकाच चुलीपाशी असतात, आणि उद्या किती चालावयाचे हे मेंढरांच्या पायांकडे पाहून ठरते.

जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला. सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून तो जातो. मोटारीस ताशी १२० किलोमीटरचा वेग त्यावर मोकळा आहे. पायी चालणाऱ्यास आणि जनावरास मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे, कारण त्या वेगापुढे कोकरू म्हणजे काय! दोन्ही बाजूंस कुंपण असल्यामुळे पलीकडच्या रानात जावयाचे तर वाड्यास खालून गेलेला बोगदा शोधीत कडेकडेने चालावे लागते. बोगद्याच्या तोंडाशी पुढची मेंढी बुजून उभी राहते. मग कुत्रे आत जाऊन येते, धनगर तिची मान धरून तिला पुढे घालतो, बाई घोड्याचा लगाम आवळून मागे थांबते, आणि सगळी पार होईपर्यंत डोक्यावरून ट्रक जात असतात.