झेंड्याची पूजा मी सांगत नाही

जुलै संपत आला की वाईतल्या नव्या सोसायट्यांमधून, कधी आसपासच्या गावांतल्या शाळांमधून मला निरोप येतो : ‘गुरुजी, ध्वजस्तंभ उभा केलाय. पूजा सांगायला याल का?’ स्तंभाला हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचा, आंब्याचा डहाळा बांधायचा आणि नारळ वाढवायचा, असे त्यांच्या मनात असते. खड्डा खणण्याआधी बोलावले तर भूमिपूजन मी आनंदाने सांगतो, कारण ती पूजा भूमीची. झेंड्याची पूजा मात्र सांगत नाही. पौरोहित्य हा आमचा पिढीजात व्यवसाय, घर दक्षिणेवर चालते, तरीही नाही. लोक नाराज होतात. काहींना वाटते, गुरुजींना देशाचे प्रेम नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो.

नियमाचे आधी सांगतो. 26 जानेवारी 2002 पासून लागू असलेल्या ध्वजसंहितेत स्पष्ट म्हटले आहे की, ध्वजस्तंभावर किंवा त्याच्या वरच्या टोकाला फुले, हार, बोधचिन्ह असे काहीही ठेवू नये. ध्वजात कसलीही वस्तू बांधून न्यायची नाही. अपवाद एकच, फडकवण्याआधी घडीत ठेवलेल्या फुलांच्या पाकळ्यांचा. म्हणजे फुलांना मनाई नाही, पण ती गाठ सुटताच गळून खाली पडली पाहिजेत. झेंड्याच्या अंगावर काही उरता कामा नये. देवाला आपण वाहतो ते त्याच्या अंगावर राहते आणि दुसऱ्या दिवशी त्याचे निर्माल्य होते. झेंड्याला निर्माल्य नाही. संहिता लिहिणाऱ्यांनी पूजेचा विचार केला होता की नाही, कोण जाणे. पण पूजा आणि मान यांतली रेषा त्यांनी बरोबर जागी ओढली आहे.

आता माझ्या शास्त्राकडून बघा. गणेश चतुर्थीला पार्थिव मूर्ती घरात येते. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती असते. कारखान्यात ती पेंढ्यात रचून ठेवलेली असते आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. प्रतिष्ठा झाली की तिला नैवेद्य, आरती, सगळे उपचार. उत्तरपूजेच्या अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की ती पुन्हा माती. देवत्वाला येण्याची वेळ आहे आणि जाण्याचीही वेळ आहे. गुढीचेही तसेच. पाडव्याला सकाळी काठीला रेशमी वस्त्र बांधतो, त्याची पूजा करतो आणि सूर्यास्ताआधी गुढी उतरवतो. ते वस्त्र पुन्हा घडी होऊन कपाटात जाते, पुढे कुणाच्या तरी अंगावर नेसलेलेही दिसते. त्यात गुढीचा अपमान नाही.

तिरंग्याला असे आवाहनही नाही आणि विसर्जनही नाही. कोणता मंत्र म्हटल्यावर तो कापडाचा ध्वज झाला, हे मला सांगता येणार नाही, कारण असा मंत्रच नाही. आणि एकदा ध्वज झाल्यावर तो परत कापड होत नाही. त्याचा रुमाल, पडदा, उशीचा अभ्रा करता येत नाही. कपाटात असतानाही तो ध्वजच असतो. घडीसुद्धा नेमाने घालतात : केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा दुमडायचा की वर अशोकचक्र आणि दोन रंगांची थोडी कड एवढेच दिसावे, आणि ती घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन न्यायची. माझ्या देवघरातल्या कितीतरी वस्तूंना इतकी कडक शिस्त नाही.

मग त्याचे पावित्र्य आले कुठून? 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने तो स्वीकारला, हे कायदेशीर उत्तर. पण नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा गोळ्या लागून पडला, तेव्हा हातातल्या झेंड्यावर चक्र नव्हते, चरखा होता. आजच्या मापाने तो राष्ट्रध्वज ठरतही नाही. त्या मुलाने तो खाली ठेवला नाही, एवढेच खरे. माणसांनी काय सोसायचे ठरवले, त्यातून हे पावित्र्य आले. ते देवाकडून उतरलेले नाही, आणि त्यात मला काही उणे वाटत नाही. उलट म्हणूनच ते कुणा एका धर्माच्या पुरोहिताच्या हाती देऊ नये, असे मला वाटते.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत मुसलमान कुटुंबे आहेत, एक ख्रिस्ती शिक्षिका आहेत. मी स्तंभापुढे बसून संकल्प सोडला तर ती माणसे मागे, हात बांधून उभी राहतील. त्यांना कुणी हाकलणार नाही, पण झेंडा त्या सकाळपुरता माझ्या यजमानांचा होईल. केरळमधल्या तीन भावंडांचा खटला आठवतो. त्यांच्या पंथाला देवाखेरीज कशाचीही भक्ती चालत नाही. शाळेत राष्ट्रगीत सुरू झाले की ती मुले आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले : जी मुले आदराने उभी आहेत, त्यांनी अपमान केलेला नाही. भक्ती मागितली तर काहीजण बाहेर राहणारच. आदर मात्र प्रत्येकाला देता येतो, कुणालाही आपला देव न सोडता. मी हिंदू पुरोहित म्हणून हे म्हणतो, आणि मनापासून म्हणतो.

सातारा जिल्हा सैनिकांचा, त्यामुळे जवानाच्या अंत्यविधीला जाण्याचे काम माझ्यावर आले आहे. पार्थिवावर ध्वज असतो, केशरी पट्टा डोक्याकडे. अग्नी देण्याआधी जवान चारही कडा धरून तो उचलतात, ताठ धरतात, घडी करतात आणि तो घरच्यांच्या हाती देतात. घडी होईपर्यंत मी मंत्र थांबवतो. ध्वज चितेत जाळायचा नाही किंवा कबरीत उतरवायचा नाही, असा नियमच आहे. माणूस जातो, ध्वज जात नाही. तिथे मला काही म्हणायचे नसते.

तरीही ध्वज जुना होतो, उन्हाने विटतो, वाऱ्याने कड फाटते. असा ध्वज फडकवू नये. 2022 मध्ये घरोघरी तिरंगा लागला, चांगले झाले. त्या वर्षीच्या जुलैपासून नागरिकांना घरावर तो रात्रीही ठेवता येतो. पण पुढे त्या झेंड्यांचे काय करायचे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गणपती घाटावर निर्माल्याच्या पिशवीत नीट घडी केलेला तिरंगा मी पाहिला आहे. ठेवणाऱ्याचा भाव चांगलाच असणार. पण ध्वज पाण्यात जाऊ देणे हेही नियमाला सोडूनच आहे. संहिता सांगते, खराब झालेला ध्वज संपूर्णपणे, खासगीत, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राहील अशा दुसऱ्या रीतीने नष्ट करावा. जाळायचे म्हटले की लोक दचकतात. चौकात, रागाने जाळणे हा गुन्हा आहेच. 1971 च्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण घराच्या अंगणात, स्वच्छ जागी, शांतपणे अग्नीला देणे हा निरोप आहे. आमच्याकडे तर अग्नीइतके शुद्ध दुसरे काही मानत नाहीत. अडचण पॉलिएस्टरची. डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने त्याला परवानगी मिळाली, पण ते नीट जळत नाही, वितळते, चिकट थेंब गळतात आणि धूर वाईट सुटतो. सुती किंवा खादीचा घ्यावा. नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात, आपल्याच राज्यात.

बाकीचे नियम थोडेच आहेत. ध्वजावर अक्षर लिहू नये. गाडीच्या टपावर, बॉनेटवर पसरू नये. जमिनीला टेकू देऊ नये. भिंतीवर उभा लावलात तर समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी यावा. आणि मुलांच्या हातात दिलेले कागदी झेंडे संध्याकाळी मोजून परत घ्यावेत, रस्त्यावर टाकू नयेत.

तेव्हा ध्वजस्तंभाच्या पूजेसाठी मला बोलावू नका, ही विनंती. झेंडावंदनाला बोलवा. तिथे मी सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहीन.