न्यायालयाचा निकाल आणि आपले मत

धम्मदीक्षा घेतल्याने आपले कोणते हक्क गेले आणि कोणते राहिले? १४ ऑक्टोबर १९५६ नंतर हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. मताचा हक्क गेला नाही. घटनेच्या ३२६ व्या कलमाने तो प्रौढ नागरिकाला दिला आहे. तेथे धर्माची अट नाही. राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्क मात्र गेला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत गणले जाण्यास हिंदू असणे आवश्यक होते. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. बौद्ध बाहेरच राहिले.

१९६२ साली नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून श्री. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. ते बौद्ध आहेत, म्हणून पंजाबराव यांनी त्यांच्या निवडीस आव्हान दिले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याने उघडपणे बौद्ध धर्म स्वीकारला तो हिंदू राहत नाही. निवड रद्द झाली.

न्यायालयाने अन्याय केला काय? बौद्ध हा हिंदू नव्हे, हे तर आपलेच म्हणणे! दोष कायद्यात होता. धर्म बदलला म्हणून गावाची नजर बदलत नाही, वेशीबाहेरची वस्ती वेशीत येत नाही. मग कागदावर 'हिंदू' लिहून जागा मिळवावी, की 'बौद्ध' लिहून ती सोडावी? सम्यक वाचा सांगणाऱ्या धम्मात पहिल्या वाटेला स्थान नाही. पण खरे बोलणाऱ्यालाच शिक्षा करणारा कायदा नीतीचा कसा म्हणावा?

ही कोंडी १९९० साली फुटली. संसदेने आदेशात बौद्धांचा समावेश केला. आपला गंगाखेड मतदारसंघ तेव्हा राखीव होता. २००८ च्या पुनर्रचनेने तो खुला झाला. मधल्या काळात येथील बौद्धाला आपला धर्म न लपवता त्या जागेवर उभे राहता आले.

अमेरिकेतील काळ्या बांधवांनी झगडून १९६५ साली मतदान हक्काचा कायदा मिळविला. २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचे एक मोठे कलम निष्प्रभ केले. मिळालेला हक्कही राखावा लागतो, तो असा.

बंधू-भगिनींनो, न्यायालय कायद्याचा अर्थ लावते. कायदा करणारे आपण निवडून देतो. म्हणून मतदार यादीत घरातील प्रत्येक प्रौढाचे नाव आहे ना, हे पाहा. लेकी-सुनांची नावे आधी पाहा. दारू किंवा पैशासाठी मत विकणारा शील मोडतो आणि पुढच्या पिढीचा कायदाही विकतो.

जय भीम!