हंडा आणि खापर

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कायम वर्दळ. तिथून थोडं पुढे गेलं की कृष्णाबाईचं जुनं देऊळ लागतं, तिथे मात्र निवांत बसता येतं. बसा. समोर कृष्णेचं खोरं पसरलेलं आहे, तळाशी धोम धरणाचं पाणी चमकतंय. श्वासाकडे मुद्दाम लक्ष द्यायला नको, तो आपला चालू राहील. घाई मात्र थोडी बाजूला ठेवा, कारण आज ज्याचं मनन करायचं ते शेकडो वर्षं मातीत पडून राहिलेलं आहे.

एक मातीचं गाडगं डोळ्यांपुढे आणा. आत नाणी, तोंडाला फडकं, वर झाकणी. नाण्यांकडे लगेच वळू नका. आधी ते पुरणारा माणूस दिसू द्या. रात्रीची वेळ असेल. खड्डा चुलीमागे घेतलाय, की गोठ्यात, की बांधावरच्या झाडाखाली? खूण कसली धरली? घरात कुणाला सांगितलं, की कुणालाच नाही? माती परत लोटून, पायानं दाबून तो उभा राहतो. त्याने हे देवाला वाहिलेलं नाही, टाकूनही दिलेलं नाही. तो परत येणार आहे.

इथे जरा थांबा. संग्रहालयात काचेआड दिसणारा असा साठा बहुतेक वेळा न परतलेल्या माणसाचा असतो. जे परतले त्यांनी आपलं गाडगं उकरलं, लेकीचं लग्न केलं, बैलजोडी घेतली, आणि त्यांची कुठे नोंदही उरली नाही.

तुम्ही बसला आहात त्याच क्षेत्री १६६५ च्या जानेवारीत, सूर्यग्रहणाच्या पर्वणीला, शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेबांची आणि सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केल्याचं इतिहास सांगतो. राज्याभिषेकाला अजून नऊ वर्षं होती. स्वतःच्या नावाचा होन पडायचा होता, म्हणजे पारड्यात नाणी असतील तर ती दुसऱ्यांच्या शिक्क्यांचीच. सोनं दान झालं, हातोहात गेलं, वितळलं, पुन्हा घडलं. आज कितीही खणा, त्यातला गुंजभर तुकडाही ‘हा त्या तुलेतला’ म्हणून दाखवता येणार नाही. फिरत्या पैशाचा माग मातीत राहत नाही. मातीत राहतो तो अडकलेला पैसा, आणि आपण त्यावरून त्या काळाच्या समृद्धीचा अंदाज बांधायला निघतो! साठा जितका मोठा, तितकी भीती मोठी असंही असू शकतं.

आता गाडगं उघडा. सगळ्यांत नवं नाणं शोधा. साठा त्याच्या आधी पुरलेला असूच शकत नाही, म्हणून अभ्यासकाचा हात आधी तिकडे जातो. जुनी नाणी किती, नवी किती, झिजलेली किती, कुणाच्या शिक्क्यावर कुणाचा शिक्का मारलाय, हे सगळं एकत्र असेल तरच बोलतं. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ मध्ये सुमारे १३,२५० चांदीची नाणी निघाली. सगळी क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा ठोकलेली. सत्ता बदलली, चांदी तीच राहिली. हीच नाणी मजुरांनी वाटून घेतली असती आणि सोनाराच्या मुशीत गेली असती, तर आपल्याला फक्त चांदीचा भाव कळला असता.

(१८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवा. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून कित्येक जण गप्प बसतात. गुप्तधनाच्या नादानं गडांवरची जोती उकरणाऱ्यांबद्दल बोलायला गेलं तर मनन राहील बाजूला.)

नजर पुन्हा खोऱ्यात सोडा, वाईच्या दिशेने. १३९६ पासून बारा वर्षं दख्खनवर दुर्गादेवीचा दुष्काळ होता. ग्रँट डफ, जो साताऱ्याला रेसिडेंट होता, त्याने १८२६ मध्ये छापलेल्या इतिहासात लिहिलंय की मुलुख ओस पडला, आणि लोक परत येऊ लागले तेव्हा डोंगरातल्या पुंडांनी त्यांना टिकू दिलं नाही. १४२९ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार फौज घेऊन खटाव आणि महादेवाच्या डोंगरांकडून वाईकडे आला. गावं पुन्हा वसवायचं काम दादू नरसू काळे आणि दरबारातला एक तुर्की खोजा यांच्याकडे होतं. गावांच्या शिवा कुणाला आठवत नव्हत्या. मग दादू नरसूने दोन-दोन, तीन-तीन गावांचं एक गाव केलं. जो कसेल त्याला जमीन. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्याला तोबराभर धान्य.

तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. राज्याचा महसूल त्या मापावर आला होता. त्या तोबऱ्यावर थोडा वेळ मन ठेवा. त्या वर्षी एखाद्याला शेतात सोन्याचा टंका सापडला असता, तरी त्याचं करायचं काय होतं? विकायला दाणा कुणाकडे होता?

आणि जी गावं दुसऱ्या गावात मिसळली, त्यांचं काय झालं? त्यांच्या पांढरीवर नांगर फिरला असणार. पांढरी अजून दिसते: काळ्या रानात मधेच एक उंचवटा, राखी-पांढुरक्या भुसभुशीत मातीचा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, सगळं त्यात मुरलेलं. उत्खनन करणारे गावात आले की आधी पांढरीचीच चौकशी करतात. शेतकऱ्यालाही तिची किंमत ठाऊक असते, खत म्हणून तो ती गाड्या भरून नेतो. त्याला दोष कसा द्यायचा? पण जुनं गाव असं टोपल्या-टोपल्यांनी रानात पसरत जातं.

आता मनानेच एका चरात उतरा. चराची उभी भिंत खुरपीने साफ केलेली आहे. वरून खाली पाहा. चोपून केलेली जमीन, तिच्याखाली राखेचा पट्टा, मग दुसरी जमीन, तिच्यात खांबाची गोल भोकं. चुलीजवळ जळून कोळसा झालेले दाणे, जे जळले म्हणूनच टिकले. चांगले होते ते खाल्ले गेले, उरलेले कुजले.

कोल्हापूरला पंचगंगा नदीकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी असे चर घेतले. खाली सातवाहनकाळातली विटांची घरं, वर बहमनी काळातली वस्ती. त्याच टेकाडावर मिळालेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती आज टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे, आणि लोक तीच पाहायला जातात. मला वरच्या थरातल्या रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे जास्त मोलाचे वाटतात. मूर्ती समुद्रापलीकडून आली, कुण्या धनवंताची झाली. बांगडी मात्र घरोघरची. भांडी घासताना, दळताना पिचली, आणि बाईने ती केरात टाकली. परत येऊन शोधायचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिने लपवली नाही, आणि म्हणूनच ती जिथे होती तिथेच राहिली.

शेवटी नजर दक्षिणेच्या डोंगरांपलीकडे न्या, कोयनेकडे. साठच्या दशकात धरण झालं आणि जावळी-पाटणकडची गावं शिवसागराखाली गेली. माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे उठून गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांची जोती उघडी पडतात. पाचशे वर्षांनी तिथे कुणी चर घेतला तर त्याला चुली मिळतील, कौलांचे तुकडे मिळतील, जड म्हणून मागे राहिलेलं एखादं दगडी उखळ मिळेल. पुरलेलं गाडगं बहुधा मिळणार नाही. सरकारची नोटीस आधी आली होती, होता-नव्हता तो पैसा गाठीला बांधूनच लोक निघाले. हंडा सापडला नाही म्हणून इथली माणसं सुखानं गेली, असं मात्र त्या खणणाऱ्याने आपल्या अहवालात लिहू नये.