घर सोडताना

वैशाख उजाडला म्हणजे आमच्या वडिलांकडे दोन प्रकारची मंडळी येऊ लागतात. एक मुंजीचा मुहूर्त विचारावयास आणि दुसरी गृहप्रवेशाचा. पावसाळ्यापूर्वी, मुलांच्या सुट्टीतच, नव्या जागेत जाऊन स्थिर व्हावे हा हेतू योग्यच असतो. पंचांग उघडले जाते, तिथी-नक्षत्र पाहिले जाते, होमास लागणाऱ्या साहित्याची यादी दिली जाते. मात्र इतक्या वर्षांत जुन्या घराचा निरोप कसा घ्यावा, हे विचारावयास एकही यजमान आल्याचे आम्हांस स्मरत नाही. प्रवेशाची चिंता सर्वांस असते, निघण्याची कोणासच नाही. घर सोडणे हा केवळ सोयीचा प्रश्न आहे की धर्माचाही, याचा थोडा विचार येथे करावा असे आम्ही योजिले आहे.

बिऱ्हाड हलविण्याची तयारी आजकाल फार व्यवस्थित होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. खोके आणले जातात, त्यांवर क्रमांक घातले जातात, काचसामान कागदात गुंडाळले जाते, विजेच्या व पाण्याच्या खात्यास अर्ज जातात, ट्रक सकाळी किती वाजता दारात लागेल ते आधीच ठरते. या नीटनेटकेपणाची थट्टा करण्याचे कारण नाही. आळसाने केलेले काम देवाचे असो की घराचे, ते निंद्यच. परंतु या सर्व यादीत सामान तेवढे असते. ज्यांचे ऋण आपण सोडून जात आहोत, त्यांची यादी कोणी करीत नाही.

पूर्वजांनी हा विचार केला होता. तैत्तिरीय संहितेत असे सांगितले आहे की, अग्निहोत्री गृहस्थ आपले अग्नी घेऊन स्थलांतर करावयास निघाला म्हणजे त्याने निघण्यापूर्वी वास्तोष्पतीस, म्हणजे त्या वास्तूच्या स्वामीस, आहुती द्यावी. न देता निघाल्यास तो देव रुद्ररूपाने पाठीस लागतो. आणि ती आहुती केव्हा द्यावयाची? गाडीचा उजवा बैल जुंपलेला आहे आणि डावा अजून जुंपावयाचा आहे, अशा वेळी. आमच्या अल्प मतीस हे फार अर्थपूर्ण वाटते. दोन्ही बैल मोकळे असता माणूस अजून घराचाच असतो, दोन्ही जुंपले म्हणजे तो वाटेचा झाला. निरोपासाठी मधला क्षण राखून ठेवला आहे, आणि तो आपोआप मिळत नसतो. दुसरा बैल जुंपावयाचे थांबूनच तो मिळवावा लागतो.

आता आपल्या देवळाच्या आवारातील एक गोष्ट सांगतो. दर उन्हाळ्यात पिंपळाच्या पारावर पहाटे काही ना काही ठेवलेले आढळते. काच तडकलेल्या तसबिरी, एखादी झिजलेली पितळी मूर्ती, कुंडीसकट वाळलेली तुळस. रात्री कोणी येऊन ठेवून जाते. ही घर हलविणाऱ्या मंडळींची देवस्थाने आहेत, हे आम्ही पाहताक्षणी ओळखतो. नव्या देव्हाऱ्यात जागा नसते. भग्न वा जीर्ण मूर्तीचे विसर्जन शास्त्रास मान्य आहे, त्यात पाप नाही. परंतु विसर्जन यजमानाने स्वतःच्या हाताने, उजेडी, पूजा करून करावयाचे असते. ज्या देवापुढे आपल्या आजीने चाळीस वर्षे निरांजन लावले, तो देव अंधारात पारावर ठेवून मागे न पाहता निघून जाणे, याला विसर्जन म्हणता येत नाही. याला टाकणे म्हणतात. वस्तू तीच, जागाही कदाचित तीच. तरी टाकणे आणि निरोप देणे यांत जो भेद आहे, त्यातच आमच्या मते या प्रश्नाचे सारे मर्म साठविले आहे.

यावर कोणी म्हणेल की, हा फुकाचा गहिवर होय. गीतेने देहालाही जुन्या वस्त्राची उपमा दिली, तेथे दगडमातीच्या घराची काय कथा? शिवाय अडचणी खऱ्या आहेत. एका घराचे दहा वाटेकरी, पावसाळ्यापूर्वी कौले चाळावयास माणूस मिळत नाही, कुळागर पाहावयास कोणी उरले नाही, मुले नोकरीनिमित्त पणजीस वा मुंबईस. अशा स्थितीत घर विकून फ्लॅट घेणे हा अपराध नव्हे, आणि तसे करणाऱ्यास आम्ही मुळीच दोष देत नाही. परंतु गीतेतील ती उपमा शोक आवरण्यासाठी आहे, ऋण बुडविण्यासाठी नव्हे. शिवाय वस्त्र टाकताना त्यात दुसरे कोणी राहत नसते. घरात माणसे राहत असतात.

आपणां गोमंतकीयांस तर हा विषय परका असू नये. आपले देवच एकदा बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाले होते. श्रीमंगेश 1560 साली कुशस्थळीहून अघनाशिनी नदी ओलांडून प्रियोळास आले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. पोर्तुगीज अंमलात देवळे पाडली जात होती, आणि फोंड्याचा प्रदेश तेव्हा आदिलशाहीकडे असल्यामुळे तेथे आश्रय मिळाला. त्या पूर्वजांना खोक्यांवर क्रमांक घालावयास अवकाश नव्हता. शेतभात, घरेदारे, भांडीकुंडी मागे राहिली. तरीही त्यांनी मूळ गावाचे नाव टाकले नाही. आज साडेचारशेहून अधिक वर्षे लोटली, तरी कोणता देव कोठून आला हे आपण मुलांना सांगतो. ज्यांना वेळ मुळीच नव्हता त्यांनी स्मरण जपले. ज्यांना महिना-महिना मिळतो त्यांनी ते पारावर ठेवावे, हे नीट जुळत नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेला. तेथील प्राचीन महादेवाचे मंदिर दगड सुटे करून दुसरीकडे हलविण्यात आले, गावकऱ्यांचे पुनर्वसन वाडे व वालकिणी येथे झाले. परंतु उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे गावाची जमीन उघडी पडते, आणि पांगलेली मंडळी मे महिन्यात तेथील सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. घरांचे चौथरे तेवढे दिसत असतात. राहावयास तेथे कोणीच जाऊ शकत नाही, हे ठाऊक असूनही ते जातात. घर सुटले तरी नाते सुटत नाही, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

आता देवांकडून माणसांकडे येऊ. आमच्या परिचयाच्या एका घरातील आजी ऐंशी उलटलेल्या. घर सोडण्याचा विचार वर्षभर चालला होता, तो त्यांना निघण्यापूर्वी पंधरा दिवस कळला. त्यांना त्रास होऊ नये म्हणून सांगितले नाही, असे मुलगे म्हणाले, आणि ते खोटेही नव्हते. आजींनी विचारले, “न्हाणीतले तांब्याचे भाण कोण नेणार?” सर्व हसले, तेथे गिझर होता. वास्तुशांतीस आम्ही वडिलांबरोबर गेलो, तेव्हा आजी खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी आम्हांस जवळ बोलावून हळूच विचारले, “बाळा, येथे पूर्व कोणती रे?” चारी बाजूंस इमारती, सूर्य कोठून वर येतो ते दिसत नव्हते. सकाळचा नमस्कार कोणीकडे करावा हे त्यांना कळत नव्हते, आणि घरच्यांस विचारावयाचा संकोच वाटत होता. जुन्या घरात त्या अंधारातही भिंतीच्या स्पर्शाने चालत असत. नव्या जागेत आठव्या रात्री न्हाणीकडे जाताना त्या पडल्या. मांडीचे हाड मोडले, आणि त्या पुन्हा चालल्या नाहीत.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. सामानाची यादी होती, आजींची नव्हती, एवढेच. वर्षभरात चार वेळा त्यांना त्या जागेत नेले असते, त्यांची खाट जुन्या खोलीत होती तशीच भिंतीशी लावली असती, पूर्व दाखविली असती, रात्री वाटेवर एक दिवा ठेवला असता, तर कदाचित प्रसंग टळता. टळलाच असता असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांना विचारल्याचे समाधान तरी उरले असते.

इतरांच्या चुका सांगून थांबणे योग्य नव्हे. पाच वर्षांपूर्वी आमचेही बिऱ्हाड हलले. माळ्यावर आजोबांच्या हातचे एक बाड होते, कसरीने खाल्लेले. वडील बाहेरगावी गेले होते, ट्रक दारात होता. जागा वाचावी म्हणून आम्ही ते न उघडता रद्दीत घातले. वडिलांनी परत आल्यावर एवढेच विचारले, “बाड कोठे ठेवलेस?” उत्तर ऐकून ते काही बोलले नाहीत. पुढे नवरात्राआधी मुंबईहून एक कुळावी कुटुंब आले. त्यांचे वडीलधारे निवर्तले होते आणि आपल्या घराचा कुळाचार कसा, नैवेद्य कोणता, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. वडिलांनी आठवले तेवढे सांगितले. नंतर म्हणाले, “बाकीचे बाडात होते.” ते आमच्याकडे पाहातही नव्हते. तेव्हा आम्हांस उमगले की जे आम्ही टाकले ते आमचे नव्हतेच. कित्येक घरांनी विश्वासाने आमच्या माळ्यावर ठेवलेली ती ठेव होती. घरातील किती वस्तू अशा असतात, ज्यांचे आपण धनी नसून केवळ राखणदार असतो!

म्हणून जी मंडळी यंदा घर बदलणार आहेत, त्यांस नम्रपणे काही सुचवितो. दिवस ठरविण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसास सांगावे आणि त्याची खोली प्रथम लावावी. जुने कागद, पोथ्या, वह्या न उघडता काढू नयेत. न कळल्यास कळणाऱ्यास दाखवाव्यात. जे न्यावयाचे नाही ते ज्यास उपयोगी पडेल त्याच्या हाती द्यावे. जे देव ठेवता येत नाहीत ते घेऊन दिवसा देवळात यावे. वडील विधी सांगतील, त्यास दक्षिणेची अपेक्षा नाही. वाण्याची बाकी, शेजाऱ्याची आणलेली भांडी, घरी कामास येणाऱ्या बाईचा हिशेब, हे सारे निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पुरे करावे. नव्या घरात देव आधी जातात ही रीत चांगलीच आहे. पण जुन्या घरातून शेवटचे भांडे निघेपर्यंत तेथेही एक समई तेवत ठेवावी. घर झाडून द्यावे. पुढे तेथे कोणी राहो वा ते पाडले जावो, आपला केर आपण काढलेला बरा.

आणि सामान चढले, माणसे बसली, गाडीवाला घाई करू लागला, म्हणजे त्यास थोडे थांबावयास सांगावे. घरातील सर्वांनी, लहान मुलांसकट, एकदा आत जावे, उंबऱ्यास हात लावावा आणि मग निघावे. डावा बैल जुंपावयाचा राहिलेला तो हाच क्षण. गाडीवाल्यास दहा मिनिटांचे अधिक पैसे द्यावे लागले तर ते आनंदाने द्यावेत.

आमच्या हातून यात काही अधिक-उणे लिहिले गेले असल्यास महाजन व कुळावी मंडळींनी क्षमा करावी. जी जी कुटुंबे यंदा नव्या घरी जात आहेत त्यांचे तेथे कुशल असो, हीच श्रीचरणी प्रार्थना.